सानूच्या मापाचा टूटू

३० ऑगस्ट, शनि.

दीड दिवसाचा गणपती गुरुवारी बादलीत विसर्जन करून झाला. मोदक अजून फ्रिजमध्ये आहेत. सानू त्यातले तीन हाणून बॅले क्लासला गेली आणि परत आली ती नाचतच. कॉन्सर्टमध्ये जो 'पांढरा भाग' आहे त्यातला मेन रोल तिला मिळाला! नऊ वर्षं कॅसल हिलच्या त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली पोरगी. गेल्या वर्षी तिच्या टीचरने, मिस पॅमने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'लव्हली गर्ल, बट अ लिटल अर्थबाउंड.' म्हणजे पोरगी गोड आहे, पण जमिनीला चिकटलेली. उदय म्हणाला, बरंय की, इन्शुरन्स स्वस्तात पडेल. मी दोन दिवस धड बोलले नव्हते त्याच्याशी. पंधरा वर्षांची मुलगी, हाडपेर आमच्याकडचं. ती हवेतली कंबर आणायची कुठून?

मिस पॅमने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक जुना टूटू, म्हणजे बॅलेचा झगा दिलाय. तो ताटलीसारखा आडवा नाही, पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा. म्हणे, तू ब्रायडल शॉपमध्ये अल्टरेशन करतेस, तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ? चढले मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

२ सप्टें., मंगळ.

डे ऑफ. टूटू डायनिंग टेबलावर पसरला. नायलॉनचं नेट नाही हे. टार्लटन आहे, म्हणजे खळ दिलेली विरळ सुती जाळी. हल्ली कोणी वापरत नाही. किती जुना ते मिस पॅमलाही माहीत नाही, तिच्या टीचरकडून आला एवढंच.

चोळी उलटी केली. शिवणींची भोकं बघायची माझी सवय. भाड्याच्या गाउनची भोकं बघितली की कळतं, कोणासाठी आत घेतला, कोणासाठी सोडला. अंगं जाडी-बारीक होतात, कपडा त्यांच्यामागे जातो. इथे मात्र सगळ्या शिवणी आत घेतलेल्या. एकीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. एकदाही सोडलेली नाही. मी भिंग लावून बघितलं.

६ सप्टें., शनि.

पहिलं फिटिंग. एक टाचणी लागली नाही. आता ही या चोळीत जाणार कशी, म्हणून मी बाजूला कापड काढून ठेवलं होतं. पण आत गेली ती, हूक लागले आणि बसला की. सानू आरशापुढे खूप वेळ उभी होती. मग म्हणाली, 'ममा, आय डोन्ट लुक बिग.' तू कधी मोठी दिसतच नव्हतीस गं, असं मी म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. डोळे पुसत होती.

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मिस पॅमने आणखी एक काम गळ्यात मारलंय. प्रोग्रॅममध्ये अर्धं पान हवंय, टूटूचा इतिहास आणि फॅशन. तू फॅशन शिकलीस ना इकडे, मग लिही.

११ सप्टें., गुरु.

दुकानात बेला व्हिस्टाची ब्राइड. तिला 'बॅलेरिना लेंथ' हवाय, म्हणजे पोटरीपर्यंतचा, वर आत ताठ पट्ट्या घातलेली चोळी आणि खाली नेटचे थर. मी मनात म्हटलं, बाई, तुला टूटूच हवाय, फक्त नाव गाउन. लंच ब्रेकमध्ये त्यावरच टिपणं काढली:

सुरुवातीला टूटू असा वेगळा प्रकार नव्हताच. दोनेकशे वर्षांपूर्वी पार्टीत बायका घालायच्या तेच स्टेजवर, उघडे खांदे, आवळलेली कंबर आणि घोळदार झगा. स्टेजने तो पांढरा केला, विरळ केला, आखूड केला. मग तो बघून बाहेरच्या बायकांनी तसले पांढरे विरळ झगे शिवून घेतले. म्हणजे इकडून उसनं तिकडे आणि तिकडून पुन्हा इकडे. पुढे पाय दिसावेत म्हणून आखूड होत होत ताटली झाली. महायुद्धानंतरच्या मोठ्या फॅशन हाउसेसनी पुन्हा तीच चोळी आणि तेच थर उचलले. नंतर पोरींनी लेदर जॅकेट आणि बुटांवर टूटू चढवला. आता तर शॉपिंग सेंटरमध्ये दर तिसरी पाच वर्षांची पोर गुलाबी टूटूत असते, हातात चिप्स.

'टूटू' शब्द म्हणे स्वस्त तिकिटांवर खाली बसणाऱ्या लोकांनी काढला, त्यांना तिथून जे दिसायचं त्यावरून. प्रोग्रॅममध्ये पालक वाचणार, तेव्हा हे वगळायचं.

१४ सप्टें., रवि.

आईला मिरजेला व्हिडिओ कॉल. टूटू दाखवला. गोष्ट काय आहे विचारलं तिने. सांगितलं: लग्नाआधी मेलेल्या मुली तळ्याकाठी येऊन नाचतात आणि आल्यागेल्याला ओढतात. मिस पॅमने स्वतःच रचलंय, पण या जुन्या पांढऱ्या बॅलेंमध्ये तशाच मुली असतात म्हणे, मेलेल्या नाहीतर पऱ्या. जिवंत बाईला एवढं हलकं कसं दाखवणार?

आई म्हणाली, 'म्हणजे साती आसराच म्हण की. त्यांना हिरव्या बांगड्या आणि खण देतात गं. तुम्ही काय देता?'

तिकीट पंचवीस डॉलर, म्हटलं. हसली नाही.

२० सप्टें., शनि.

दुसरं फिटिंग. टूटू सैल. कमरेला दोन बोटं जातात आत!

डोक्यात पहिला विचार आला तो आला. पोरगी डाएट करते. इथल्या पोरींचं काय काय ऐकतो आपण. बाथरूमच्या दाराशी उभी राहिले, डबा तपासला, कचऱ्याची बादलीसुद्धा उपसली. डबा रिकामा, बादलीत काही नाही. संध्याकाळी समोर बसवून वाढलं तर तीन पोळ्या, भाजी आणि वर श्रीखंड.

मग टेप घेतला. सानूची कंबर जेवढी होती तेवढीच. टूटू टेबलावर ठेवून मापला, तोही तेवढाच. दोन्ही आकडे एकच. घातला की सैल.

टेप बदलून पाहिला.

२४ सप्टें., बुध.

जीपीकडे नेलं. वजन उलट थोडं वाढलंय. रक्त उत्तम. डॉक्टर मला म्हणाली, मॉम, तू झोपतेस का नीट?

चोळी एक बोट आत घेतली. जुन्या भोकांच्या पुढे नवी भोकं. सुई जाळीत जाताना कधी नव्हे ती करकरते.

४ ऑक्टो., शनि.

आज क्लास बघायला बसले. लाकडी फरशी आहे, बारा पोरी उड्या मारतात तेव्हा हॉल दणदणतो. सानू एकटी उतरली तेव्हा आवाज नाही. मी आधी समजले की म्युझिकमध्ये बुडाला. मिस पॅमने म्युझिक बंद केलं आणि पुन्हा उडी मारायला लावली. सगळ्या पोरी गप्प. सानू वर गेली, खाली आली. काही नाही. बाहेरचा लॉन मोवर ऐकू आला फक्त.

मिस पॅमचे डोळे भरले. पन्नास वर्षं शिकवतेय म्हणाली, हे एकदाच ऐकलंय आधी. ऐकलंय म्हणाली, बघितलंय नाही.

बाकीच्या आया माझं अभिनंदन करत होत्या. मी पण थँक यू थँक यू म्हणत होते. घरी येऊन टूटू घातला तर पुन्हा दोन बोटं सैल.

घेतला आत.

९ ऑक्टो., गुरु.

गाडीत सानू शेजारी. ओल्ड विंडसर रोडला लागल्यावर लक्षात आलं की तिने बेल्ट लावलेला नाही. ओरडले तिच्यावर. तिने लावला. मग ट्यूब पेटली: गाडी बोंबलली कशी नाही? एरवी सीटवर नारळाची पिशवी ठेवली तरी टिणटिण सुरू होते, परवा तर मी पिशवीला बेल्ट लावला होता.

उदयला सांगितलं. सेन्सर गेला असेल, म्हणाला. सर्व्हिसला दिली गाडी. त्यांनी सांगितलं, सेन्सर चोख आहे.

२१ ऑक्टो., मंगळ.

लक्ष्मीपूजन. स्कोफिल्ड्सच्या आमच्या गल्लीत निम्म्या दारांत दिवे. चकल्या यंदा कडक झाल्या, सानूने तरी डझनभर खाल्ल्या. बरं वाटलं बघून.

दारात रांगोळी काढली होती, संस्कारभारती, हात भरून, दोन तास लागले. सानू मैत्रिणीकडे जायच्या घाईत धावत सुटली ती सरळ रांगोळीतून. 'अगं ए!' म्हणून मी धावले. सॉरी ममा, सॉरी, करत ती गेली पुढे.

वाकून बघितलं. एक कण हलला नव्हता. कमळाच्या पाकळीवर हळदी-कुंकवाची बारीक रेघ होती तीसुद्धा जागेवर. मी स्वतः बोट टेकवून पाहिलं, माझं बोट उमटलं.

उदयला हाक मारली नाही. काय सांगणार? रांगोळी पुसली गेली नाही अशी तक्रार करायची?



२५ ऑक्टो., शनि.

क्लासनंतर मिस पॅमला कार पार्कमध्ये गाठलं. सरळ विचारलं, हा टूटू आधी कोणी घातलाय?

ती म्हणाली, मी घातला एक सीझन. मग माझं पोट वाढायला लागलं, मुलगा झाला. त्यानंतर चोळी मला घेईना. तिने 'घेईना' असंच म्हटलं. मग लिनेटने घातला. आमच्यात सगळ्यात हलकी लिनेट.

आणि लिनेटचं काय झालं?

किल्ली शोधत बसली पर्समध्ये. मग म्हणाली, डार्विनला गेली बहुतेक. कोणीतरी डार्विन म्हणालं होतं.

तू नाही विचारलंस?

म्हणाली, शेवटच्या शोला आम्ही सगळ्या हात धरून वाकलो. मी तिचा हात धरला होता. वर बघितलं तर टाळ्या चालू होत्या आणि माझ्या हातात हात नव्हता. मला वाटलं, आधी गेली असेल विंगेत. खूप लाजरी होती ती.

हे सांगताना मिस पॅम हसत होती. चांगली, प्रेमळ बाई आहे. वाईट हेतू असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२ नोव्हें., रवि.

प्रोग्रॅमचं अर्धं पान पूर्ण केलं. शेवटचा तुकडा टाकू की नको ठरेना. त्या काळी स्टेजवर गॅसचे दिवे असत. हीच टार्लटनची जाळी. ठिणगी पडली की पोरगी पेटायची, कित्येक गेल्या. मग झगे औषधात बुडवून काढायची पद्धत आली, म्हणजे जळू नयेत. पण बुडवले की पिवळट पडायचे आणि जड व्हायचे. पोरीच घालायला तयार नव्हत्या. जळू, पण जड दिसणार नाही.

हे वाचून दाखवलं सानूला, मुद्दाम. ती म्हणाली, 'येह, आय गेट दॅट.' आणि पुन्हा फोनमध्ये डोकं. 

तुकडा काढून टाकला.

८ नोव्हें., शनि.

पुन्हा सैल. या वेळी तीन बोटं.

मी सुई खाली ठेवली. यापुढे आत घेणार नाही म्हणाले. सेफ्टी पिना लावून नाच, नाहीतर नवीन शिवते मी, चार दिवसांत शिवते, नायलॉनचं छान नेट आणते. सानू आधी शांतपणे बोलली. मग रडायला लागली. ते साधं रडणं नव्हतं, तोंडावर हात दाबून, आवाज न काढता.

'फर्स्ट टाइम इन माय लाइफ आय'म नॉट हेवी. प्लीज डोन्ट टेक इट अवे, ममा.'

नऊ वर्षं मागच्या रांगेत. मला तिला धरून हलवायचं होतं, ओरडायचं होतं की तू जाशील, तू संपशील. पण कोणत्या पुराव्यावर? गाडी वाजली नाही म्हणून?

टूटू माझ्या कपाटात ठेवला, साड्यांच्या मागे. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१५ नोव्हें., शनि.

टूटू बघितला. कपाटात आहे, किल्ली पर्समध्ये आहे. चोळी आत घेतलेली आहे.

माझे टाके मी ओळखते. हे माझे नाहीत. हा धावदोरा आहे, दर चौथ्या टाक्याला एक उलटी टीप, दोरा घट्ट राहावा म्हणून. सानू सात वर्षांची असताना बाहुलीच्या फ्रॉकवर मीच तिला शिकवला होता.

कपाट कसं उघडलंस, विचारलं. 'आय डिडन्ट ओपन इट, ममा. आय जस्ट वेंट इन.' खोटं बोलताना सानूचे कान लाल होतात. लाल नव्हते.

२३ नोव्हें., रवि.

दुपारी सानू सोफ्यावर झोपली होती. बाहेर चाळीस डिग्री. उदयला काय वाटलं कोण जाणे, लहानपणी न्यायचा तशी उचलून वर खोलीत घेऊन गेला. म्हटलं, कंबर धरेल बाबा, ती आता पंधराची आहे.

खाली आला. पायरीवरच बसला. पाणी दिलं, घेतलं नाही. मग म्हणाला, 'मेघना, तिला कॉन्सर्टमधून काढ.'

इतके दिवस सेन्सर सेन्सर करणारा माणूस. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि चार शब्द सुनवावेसेही वाटले. दोन्ही केलं नाही. काट्यावर उभी कर तिला, म्हणाला. करते रोज, म्हटलं, आकडा हलत नाही. मग काटा खोटा, म्हणाला. स्वतः उभा राहून बघितलं त्याने. त्याचं वजन बरोबर दाखवलं.

२४ नोव्हें., सोम.

तिघं बसलो. तू नाचायचं नाहीस, असं उदयने सांगितलं. सानू भांडली नाही. एकदाच, म्हणाली. एकदा पुढे उभी राहते, आणि मग टूटू परत, बॅले बंद, तुम्ही म्हणाल ते. घाबरली आहेस का, विचारलं मी. मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

एकदाच, म्हटलं आम्ही. दोघांनी म्हटलं, मी एकटीने नाही. हे लिहून ठेवते.

६ डिसें., शनि.

कॉन्सर्ट झाला. दुपारचा शो होता. घरी आलोय, सगळे आहोत घरात. जसं झालं तसं लिहून टाकते.

पांढऱ्या भागाच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये हूक लावायला गेले तर हुकांची जुनी पट्टी हातात आली. कुजलेली. मिस पॅम दारात होती, म्हणाली, सो हर इन. मोठ्या कंपन्यांत असंच करतात, मुलीला आत घालून पाठीवर टाके मारतात, नाच संपला की कापतात. मी नवऱ्या मुलींनाही कधी अंगावर शिवलेलं नाही, कितीही घाई असो, उतरवून घेते. अंगावर कपडा शिवू नये. शिवतात ते कोणाला, ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अगदीच वेळ आली तर घालणाऱ्याने तोंडात काडी नाहीतर दोरा धरायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत असं सांगायचं. आई शाळेच्या युनिफॉर्मचं बटण लावताना दोरा द्यायची तोंडात.

दोरा तोडून सानूच्या दातांत दिला. धर, सोडू नको. तिने धरला, लिपस्टिक सांभाळत. शिवत गेले. बोटांना पाठ लागायला हवी होती ना चोळीच्या आत, ती लागत नव्हती, तरी टाका कशात तरी बसत होता. बाजूच्या दोन आया बघत होत्या. एकीने विचारलं, इज शी फ्लॉसिंग? हसल्या दोघी. सानूही हसली आणि दोरा पडला.

तीन-चार टाके राहिले होते. दुसरा दोरा तोडून द्यायला किती वेळ लागतो? रीळ माझ्या मांडीवर होतं. पण त्या बघत होत्या. आता ही इंडियन बाई पोरीला पुन्हा दोरा चघळायला लावणार, असं वाटलं मला. लाज वाटली. मी उरलेले टाके तसेच घातले आणि गाठ मारली.

नाच मी विंगेतून बघितला. काय नाचली. सगळा हॉल श्वास धरून होता. उडी मारायची तेव्हा झगा आधी खाली यायचा आणि मग ती यायची, दर वेळी जरा उशिरा. एकदा इतका उशीर झाला की मी पुढे पाऊल टाकलं. स्टेज मॅनेजरने दंड धरला माझा.

शेवटी सगळ्या हात धरून वाकल्या. मी सानूवरची नजर हलवली नाही. वाकली, उठली, होती. लोक उभे राहिले. उदय समोर पहिल्या रांगेत रडत होता.

कात्रीने पाठीचे टाके कापले. टूटू खाली पडला तो धप्पकन. विरळ जाळीचा झगा, पण पिठाचं पोतं टाकल्यासारखा आवाज. उचलायला दोन्ही हात लागले आणि कमरेत कळ आली. सानू बाजूला टॉवेल गुंडाळून उभी होती, माझ्याकडे बघत. तिलाही कळलं.

गाडीपर्यंत तो मी आणि उदयने मिळून नेला. सानूला मध्ये घेऊन चाललो, वारा होता.

७ डिसें., रवि.

मिस पॅमचा मेसेज: ब्रिलियंट, डार्लिंग, ब्रिलियंट. टूटू सावकाश आण. पुढच्या वर्षीची मुलगी छोटी आहे, आणण्याआधी थोडा आत घेशील का?

उत्तर दिलं नाही. देणारही नाही टूटू. माझ्या पोरीचं जे काय आहे ते त्यात आहे.

सानू सकाळी खोलीबाहेर आली ती भिंत धरून. पंखा बंद करा म्हणाली. खिडक्याही. घरात भट्टी झाली, तिघं घामाने निथळतोय. म्हणजे आम्ही दोघं. तिला घाम नाही. उपमा खाल्ला, दोनदा घेतला. पण कपाळावर हात ठेवला की मला माझाच हात गरम लागतो.

'वॉज इट वर्थ इट?' उदयने विचारलं तिला, रागाने नाही.

'येह,' म्हणाली. मग थोड्या वेळाने, 'नो.'

८ डिसें., सोम.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. उजव्या हातात तिचा हात आहे. पहाटेपासून आहे. एरवी काही विचारा, इंग्लिशमध्ये उत्तर. सकाळी मराठीत म्हणाली, 'ममा, सोडू नको.' मध्ये पाणी प्यायला मी एकदा सोडला. पुन्हा नाही सोडणार.

उदयने सुट्टी टाकलीय. जमिनीवर टूटू उलटा पसरून बसलाय, हातात टाके उसवायचा माझा सीम रिपर. आयुष्यात कधी बटण लावलं नाही या माणसाने. उसवायला मीच बसले असते, पण त्याला दोन हात लागतात. म्हणून मी पलंगावरून सांगतेय. फाडू नको, टाक्याखाली टोक घाल, उचल, काप, मग पुढचा. मधेच त्याने विचारलं, उसवल्यावर जे सुटेल ते तिच्याकडेच येईल कशावरून? मी म्हटलं, माहीत नाही. उसव.

पहिली शिवण सुटली आत्ता. सानूने डोळे मिटले. तिचा हात माझ्या हातात जरा खाली आल्यासारखा वाटला. की माझाच हात अवघडलाय, कळायला मार्ग नाही.

'काय? काही झालं?' उदय विचारतोय.

पुढची घे, म्हटलं.